माघारी फिरायचा नियम

शांतवन, चिडू नकोस, पण जानेवारीच्या बोटीतली माझी जागा मी अजून सोडलेली नाही. तुझी सोडली. मुंबईच्या कचेरीला तसं कळवून टाकलं. माझ्या जागेचं काय ते त्यांना नाताळाच्या आत सांगायचं होतं. इथं सगळ्यांचं एकच म्हणणं, सोडून दे. शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, भाऊ गेला, आता तुम्ही एकट्या बाईमाणूस आफ्रिकेत जाऊन करणार काय? शेजारच्या मार्थाबाई म्हणाल्या, "अक्का, डोंगर काय कुठं पळून चाललाय व्हय?" पाळकसाहेबांनी तर रविवारी प्रार्थनेतच घातलं, की प्रभू, आमच्या भगिनीला योग्य ते सुचव. योग्य ते म्हणजे काय, हे त्यांनी प्रभूला आधीच कानात सांगून ठेवलं असणार.

आणि तूही त्यांच्यातच सामील. जाता जाता मला 'माघारी फीर' म्हणून गेलास. जन्मभर माझ्याशी शब्दाला शब्द लावलास, आणि जिथं मला उत्तर देता येणार नाही अशी जागा बघून शेवटचा शब्द टाकलास. याला वाद घालणं म्हणत नाहीत. म्हणून लिहायला बसले आहे. तू गेल्यापासून अक्काच्या तोंडाला कुलूप लागलंय, असं मार्थाबाई येईल त्याला सांगतात. आत किती बडबड चाललीय ते त्यांना काय माहीत.

तू म्हणायचास, अक्काला कुठलीही गोष्ट आदामापासून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. तर तशीच सांगते.

पहिल्या लढाईत बाबा नगरच्या छावणीत सुतारकामाला जायचे. तिथं तारेच्या कुंपणात जर्मन कैदी ठेवलेले होते, त्यांतले काही आफ्रिकेतून धरून आणलेले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं बाबांकडून खुर्चीचा पाय बसवून घेता घेता फळीच्या तुकड्यावर पेन्सिलीनं एक डोंगर काढून दाखवला. खाली केळीची बाग, मध्ये रान, आणि माथ्यावर बर्फ. बाबा घरी येऊन आईला सांगू लागले, "सूर्य असा डोक्यावर असतो तिथं, अन् डोंगराच्या डोक्यावर बर्फ." आई म्हणाली, कैदेत माणसाचं डोकं फिरतंच. तू तेव्हा पाळण्यात होतास आणि मी तुला झोका देत होते. पुढं आई गेली आणि तुला जोजवायचं काम कायमचं माझ्याकडं आलं. दाविदाची गोष्ट, नोहाची गोष्ट, कशानंही तू झोपायचा नाहीस. बाबांचा डोंगर सांगायला लागले की डोळे मिटायचास. त्या डोंगराचं नाव किलिमांजारो, हे मी नंतर शाळेच्या नकाशात शोधून काढलं, आणि तू ते नगरच्या पद्धतीनं 'किलमांजर' करून टाकलंस.

दुसऱ्या लढाईत तू लॉरीवर ड्रायव्हर म्हणून भरती झालास, तेव्हा मी किती रडले ते तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते, खूप रडले. आणि पलटणीनं तुला नेऊन टाकलं ते नेमकं त्याच मुलखात. तुझं पत्र आलं, त्यात दोनच ओळी कामाच्या होत्या, 'बाबांचा डोंगर पाहिला. म्हातारा जर्मन खोटं बोलत नव्हता.' बाबा तोवर गेले होते. मी ते पत्र घेऊन त्यांच्या कबरीपाशी गेले आणि मोठ्यानं वाचलं. कबरस्तानातला माळी माझ्याकडं बघत राहिला.

डोंगराखालच्या मोशी गावात तुला रजा मिळाली, रविवार होता, म्हणून तू तिथल्या ख्रिस्ती देवळात जाऊन मागच्या बाकावर बसलास. सगळी तिकडचीच माणसं. पाळक काय बोलतो त्यातला एक शब्द कळेना. आणि मग गीत सुरू झालं, तर चाल आपल्या नगरच्या देवळातली. तू ही गोष्ट सांगायला लागलास की प्रत्येक वेळी इथं थांबायचास. "अक्के, शब्द त्यांचे, पन सूर आपला. मग मी पन उचलला की मराठीत." देवळात तुझा आवाज कसा लागतो ते मला ठाऊक आहे, लॉरीचा हॉर्न बरा. शेजारच्या बाकावरच्या माणसानं वळून बघितलं आणि हसला. तो एलिया. गोऱ्या साहेबांना डोंगरावर नेणं हा त्याचा धंदा. उपासना संपल्यावर तुम्ही दोघं मोडक्यातोडक्या भाषेत बोलत बसलात आणि दुसऱ्या दिवशी तो तुला वर घेऊन गेला. रजा थोडी, म्हणून पहिल्या निवाऱ्यापर्यंतच. रान संपतं तिथं तो निवारा आहे, आणि त्याच्या दारातून माथा दिसत नाही, हेही तूच सांगितलंस. तुझं तेवढंच झालं. पुढं जायचं राहिलं.

लढाई संपली, तू परत आलास. स्टेशनावर मी तुझ्या गळ्यात पडले, तर तू कानाशी काय म्हणालास? "अक्के, आपून दोघं जायचं. मी एलियाला सांगून आलोय." ना जेवलीस का, ना कशी आहेस. लोकांची माणसं लढाईवरून घड्याळं घेऊन आली, कांबळी घेऊन आली. तू मला डोंगर आणलास. तिकडं तू काय काय बघितलंस, कुणाकुणाला गमावलंस, त्यातलं मला कधी काही सांगितलं नाहीस. मी एकदा विचारायला गेले, तर उठून लॉरीचं चाक बघायला निघून गेलास. मग मी ठरवलं, डोंगर तर डोंगर. या वाटेनं का होईना, तू तिकडं होतास तिथं मला जाता येईल. तुला वाटायचं मला बर्फ बघायचा आहे. बर्फाचं मला काय कौतुक, शांतवन. माझा भाऊ माझ्या नजरेआड इतकी वर्षं जिथं राहिला, ती जागा मला बघायची होती. हेही तुला सांगायचं राहून गेलं.

आणि मग आपली तयारी. सगळ्या नगरात हसं झालं असेल आपलं, पण मी म्हणते ते दिवस मला देवानं फुकट दिले. शाळेतून मी यायचे, लॉरीतला माल पाथर्डीला टाकून तू यायचास, आणि चुलीपुढं बसून आपला डोंगर सुरू व्हायचा. अंगावर काय घालायचं? तू म्हणालास, एलियाचे साहेब लोकरीचे कोट घालतात. मी म्हणाले, धनगराची घोंगडी साहेबाच्या कोटाला भारी आहे. नेसायचं काय, यावर तर आठवडाभर जुंपली. तुझं म्हणणं, मी तुझी जुनी लष्करी विजार घालावी. माझं म्हणणं, नऊवारीचा कासोटा घट्ट मारला की बाई कुठंही चढते, आणि विजार घालून मी देवाच्या पर्वतावर जाणार नाही. "देवाचा पर्वत हाय, का मांजराचा?" म्हणून तू माझ्या परातीतलं पीठ फुंकलंस. शेवटी घोंगडी मंजूर, नऊवारी मंजूर, आणि पायात तुझे जुने लष्करी बूट, ज्यांच्यात मी कापूस कोंबायची.

एक भांडण मात्र मिटलं नाही. एलियाबरोबर ओझी वाहायला हमाल असतात. मी म्हणाले, माझं ओझं मी उचलीन, दुसऱ्याच्या डोक्यावर माझं घोंगडं ठेवून मी वर जाणार नाही. तू म्हणालास, "तुझ्या तत्त्वानं त्याची चूल पेटत न्हाई. त्याचं पोट त्या वझ्यावर हाय." मी म्हणाले, मग त्याला मजुरी देऊ, ओझं मात्र मीच नेईन. तू म्हणालास, "म्हंजी भीक घाल त्याला. त्यापरीस वझं दे." मी तुझ्यावर चिडले, कारण मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. तुझं बरोबर होतं, पण माझंही सगळंच चूक नव्हतं, असं मला अजून वाटतं.

आता आपल्या मूर्खपणाचं. आपण दुष्काळाच्या मुलखातली माणसं, आपल्याला डोंगर म्हटलं की पहिली धास्ती पाण्याची. वर पाणी कुठलं? बर्फ आहे, पण तो वितळवायला जळण कुठलं? मग आपण शहाण्यांनी ठरवलं, तहानेचीच सवय करायची. दर शनिवारी चांदबिबीच्या महालापर्यंत उन्हात चढायचं आणि पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. लहानपणापासून ऐकत आलोय, चढताना पाणी पिऊ नये, पोटात डुचमळतं. पाणी न पिता जो चढला तो मर्द. वर पोचल्यावर ओठांना पापुद्रे यायचे आणि आपण एकमेकांकडं विजयी मुद्रेनं बघायचो. उतरून आलो की माठापाशी आधी कोण जातंय यावर सुद्धा पैज. तू हे सगळं मोठ्या अभिमानानं एलियाला कळवलंस. मोशीतला एक गुजराती दुकानदार त्याला तुझं पत्र समजावून सांगायचा आणि त्याचं उत्तर हिंदीत लिहून पाठवायचा. उत्तर आलं, अगदी उलटं करताय. वर हवा पातळ असते, तिथं तहान नसली तरी पाणी पीत राहावं लागतं, नाहीतर डोकं फिरतं आणि माणूस पडतो. तेव्हा आता पाणी प्यायची सवय करा.

नगरच्या माणसाला तहान नसताना पाणी पी म्हणणं म्हणजे काय, ते एलियाला कसं कळणार? आपल्याला ते जमेचना. पाणी समोर असून तहान नसताना पिणं आपल्याला नासाडी वाटायची. तू कडुनिंबाच्या प्रत्येक झाडाखाली तांब्या पुढं करायचास आणि मी घोटभर पिऊन उरलेलं झाडाच्या बुडाशी ओतायची. "अक्के, झाड चाललंय का किलमांजरला?" असं तू ओरडायचास. पण तूही चोरून तेच करायचास. मी बघितलंय. त्या उन्हाळ्यात त्या वाटेवरची झाडं काय टवटवीत राहिली.

आणि नियम. एलियाचा नियम तू पहिल्याच दिवशी मला सांगितलास. डोंगरावर वाटाड्या म्हणाला माघारी फिरा, की फिरायचं. का, कशाला, आणखी थोडं, यातलं काही नाही. साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप असो. मी म्हणाले, मी शिक्षक आहे, कारण विचारल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही. तू म्हणालास, "मग सराव कर." म्हणून आपण पाळी लावली. एकदा तू वाटाड्या, एकदा मी. घरातून निघताना विचारायचं, आज वाटाड्या कोण? ज्याची पाळी त्याचा शब्द अखेरचा, उतरून घरी येईपर्यंत.

गोरक्षनाथाच्या डोंगरावर तुझी पाळी होती. माथा समोर दिसत होता, हाकेच्या अंतरावर. आणि तू म्हणालास, माघारी फिरा. आभाळ मोकळं, पाय मजबूत, वाट रुंद. मी तुझ्याकडं बघत राहिले. नियम म्हणजे नियम, म्हणून फिरले. खाली आल्यावर विचारलं, का रे? तर म्हणतोस, "काई न्हाई. ऐकतीस का ते बघत हुतो." त्यानंतर किती तरी दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. भाकरी वाढायची आणि ताटाशी आदळायची. तू गुपचूप जेवायचास आणि लॉरीवर निघून जायचास. ते दिवस मला आता परत पाहिजेत. त्यांतला प्रत्येक दिवस पाहिजे.

त्यानंतर आपण खऱ्या डोंगराला हात घातला. कळसूबाई. अकोल्याच्या पुढं राजूरपर्यंत सर्व्हिस मोटार, मग बारी गावापर्यंत पायी. मोटारीत ड्रायव्हरनं तुला ओळखून पुढं बसवलं आणि मला मागं कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. बारीत एका म्हातारीच्या पडवीत उतरलो. तिनं देवीची गोष्ट सांगितली, ती तुला इतकी आवडली की तू मला कोपरानं ढोसत होतास. कळसू म्हणे एका घरी राहायला होती, आणि तिनं आधीच बजावलं होतं, मी केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. तरी एकदा लोकांनी तिला ते काम लावलंच. "मंग काय, ती रागानं निघाली ती पार वर जाऊन बसली," म्हातारी म्हणाली. "आजूक खाली आली न्हाई." तू म्हणालास, "आजी, ही आमची अक्का तिचीच भन हाय." म्हातारी हसत सुटली. मीही हसले. तुला दम लागत होता ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं, पण तू पडवीची पायरी चढूनही थांबलास तेव्हा मला वाटलं, हसल्यामुळं.

त्या दिवशी वाटाड्या मी. सकाळी निघालो. खालचा टप्पा तू बोलत बोलत चढलास. मग बोलणं कमी झालं. मग मी वळून बघितलं की तू प्रत्येक वेळी बूट बांधत असायचास. कड्यापाशी साखळी लागते, तिथं मी थांबले. तू आलास आणि साखळीला धरून उभा राहिलास, चढण्यासाठी नव्हे, पडू नये म्हणून. तुझे ओठ जांभळे झाले होते. मी म्हणाले, शांतवन, माघारी फिरायचं.

मला खात्री होती, आता तू भांडणार. गोरक्षनाथाचं उट्टं काढतेस म्हणशील, माथा इथं तर आहे म्हणशील. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. तू फक्त मान हलवलीस आणि वळलास. जन्मल्यापासून ज्यानं माझं एक वाक्य वादाशिवाय जाऊ दिलं नाही, तो मुकाट्यानं उतरायला लागला. मी तुझ्या मागून उतरत होते आणि तुझ्या पाठीकडं बघून मला सगळं कळलं होतं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर छातीला नळी लावून सांगितलं ते मला साखळीपाशीच समजलं होतं.

लहानपणी तुला सांध्यांचा ताप आला होता, त्यात हृदय बिघडलं, आणि ते इतकी वर्षं ओढत आलं. आपल्या तहानेच्या सरावाचा याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा सांगितलं. दोनदा, कारण मी दोनदा विचारलं. मग त्यांनी तुझं पाणी तोडलं. अंगाला सूज यायला लागली होती, म्हणून मोजकंच पाणी. तू हसलास आणि म्हणालास, "बाई, आमची प्रॅक्टिस झालेली हाय." डॉक्टरीणबाईंना कळेना काय ते. मी खिडकीशी गेले आणि तोंड फिरवून उभी राहिले.

तरीही तयारी थांबली नाही. तू पडल्या पडल्या एलियाला पत्र सांगायचास आणि मी लिहायची. जानेवारीत तिकडं पाऊस नसतो, तर जानेवारीच पक्का. बोटीच्या दोन जागा तूच मला सांगायला लावल्यास. मी लिहून दिलं. तुझ्या डोळ्यांतलं बघून नाही म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि खरं सांगू, मलाही वाटायला लागलं होतं की जागा धरून ठेवल्या तर तुला जानेवारीपर्यंत राहावं लागेल. माणूस काय काय मानतो. त्या दिवसांत इस्पितळापुढच्या रस्त्यावरून लष्करी लॉऱ्या निजामाच्या हद्दीकडं चालल्या होत्या, रांगच्या रांग. तू डोळे मिटून इंजिनाचा आवाज ओळखायचास. ही जुनी, हिचा गिअर खातोय, ही नवीकोरी. मी म्हणायचे, झोप आता. तू म्हणायचास, "ही मोजून झोपतो." पण पुढची लॉरी यायचीच.

आणि मग ती दुपार. मी शाळेतून मधल्या सुट्टीत आले होते. तुला बसवून उशा लावल्या होत्या, आडवं होता येत नव्हतं. आवाज बारीक झाला होता. तू म्हणालास, "अक्के, आज वाटाड्या कोन?"

मला वाटलं, चेष्टा. मी म्हणाले, कळसूबाईला मी होते, तेव्हा आज तू.

तू थोडा वेळ श्वास जमवलास. "मंग ऐक. हितनं तू माघारी फीर."

मी म्हणाले, कुठून? तू माझ्या हातावर हात ठेवलास, एवढंच. नियम होता, का म्हणून विचारायचं नाही. मी नियम मोडून पुन्हा विचारणार होते, तेवढ्यात तुला डोळा लागला. मी शाळेत परत गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास. तुझ्याशी मला आणखी खूप भांडायचं होतं, शांतवन. तू माझ्या मांडीवर वाढलेला, माझ्या आधी जायचा तुला काय हक्क होता? मी तुझ्यावर रागावले आहे. रोज रागावते, आणि रोज संध्याकाळी लॉरीचा आवाज आला की उठते.

तुझे ते शब्द मी मार्थाबाईंना सांगितले, ही माझी चूक झाली. आता त्या म्हणतात, "मरत्या मान्साचा सबुद मोडू नये, अक्का. त्यानं सांगितलंय जाऊ नको म्हनून." पाळकसाहेबांनाही ते पोचलं, आणि त्यांना योग्य ते काय याला पुरावाच मिळाला. मीही काही दिवस तेच धरून बसले होते. कागद घेऊन बसायचे, 'माझीही जागा रद्द करावी' एवढं लिहायचं, पण हात चालायचा नाही. मला रडू यायचं ते तुझ्यासाठी की डोंगरासाठी, हे मला कळायचं नाही.

मग काल शाळेतून येताना मी वाटेवर उभी राहून याचा नीट विचार केला. तू कुठून माघारी फीर म्हणालास? त्या दुपारी तू कुठल्या वाटेला लागला होतास, हे मला माहीत होतं आणि तुलाही. त्या वाटेवर मी तुझ्या मागं मागं येत होते, हे तू बघितलंस. खाणं सोडलं होतं मी. तू गेलास की आपलंही संपलं, असं मनात धरून बसले होते. कुणाला बोलले नव्हते, पण तुझ्यापासून माझं कधी काही लपलं नाही. तिथून तू मला फिरवलंस. आणि मी फिरले, शांतवन. तुझ्या कबरीवरून घरी आले, चूल पेटवली, एकटीपुरती भाकरी केली. ती सगळी खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात शाळेत गेले. मुलींना आफ्रिकेचा नकाशा शिकवायचा होता, तोही शिकवला. तुझा शब्द मी पाळलेला आहे. मला वाटतं, तुझं सांगणं तेवढंच होतं. डोंगराबद्दल तू काहीच बोलला नाहीस. आणि बोलला असतास तरी वाटाड्याचा शब्द घरी येईपर्यंत चालतो, त्यापुढं नाही.

तेव्हा आज सकाळी मी मुंबईला कळवलं, माझी जागा ठेवा. एलियालाही लिहिलं, की शांतवन गेला, त्याची बहीण येते आहे. ती वयानं मोठी आहे, हळू चालते, पाणी कमी पिते, त्याबद्दल तिला रागवावं. ओझ्याचं मी काही लिहिलं नाही, ते मी तिथं गेल्यावर बघीन. मार्थाबाईंना अजून सांगितलेलं नाही.

पत्रं टाकून घरी आले आणि दारातच उभी राहिले. वाद जिंकला होता, आणि मला कुणाला तरी चिडवावंसं वाटत होतं. मनात हिशेब झाला, कळसूबाईला मी, इस्पितळात तू, म्हणजे आता पाळी माझी. सवयीनं मी मागं वळून बघितलं, तू बूट बांधत असशील म्हणून.